पश्चिमेला समुद्र: आगबोटीपासून क्रूझपर्यंत



आमच्या श्राविका मंडळाच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एक जाहिरात आली. मुंबईहून क्रूझनं गोव्याला जायचं, परत यायचं, बोटीवर राहायचं, जेवायचं, नाटक-जादूचे खेळ बघायचे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, जैन जेवणाची सोय आहे. तासाभरात बावीस जणींनी अंगठा वर केला. मग एकीनं हळूच विचारलं, "ताई, ज्यांचं दिग्व्रत आहे त्यांनी काय करायचं?"

तो प्रश्न मला उद्देशून होता, कारण ते व्रत माझंच आहे. काही वर्षांपूर्वी महाराजांच्या समोर मी दहा दिशांची मर्यादा घेतली, तेव्हा पश्चिमेला काय लिहायचं यावर क्षणभरही विचार केला नव्हता. "पश्चिमेला समुद्र" असं सांगून मोकळी झाले. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात मर्यादेच्या ज्या खुणा सांगितल्या आहेत, नदी, अरण्य, पर्वत, देश, योजनं, त्यांत पहिलं नाव समुद्राचंच आहे. माणूस जिथं आपोआप थांबतो ती रेघ, असंच त्या काळी वाटत असणार. आता तीच रेघ ओलांडायला लोक पैसे भरतात, आणि पलीकडे कुठं पोचायचं असतं म्हणून नव्हे, नुसतं ओलांडण्यासाठी. हा बदल कसा झाला, ते मी या महिनाभरात वाचत बसले. त्यातलं जे सापडलं ते सांगते.

एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. समुद्र आपल्या समाजाला परका कधीच नव्हता. अष्टाह्निकेत आपण मैनासुंदरीची कथा ऐकतो, त्यातला श्रीपाल कुठं कुठं फिरला? धवल सेठाची अडकलेली जहाजं त्यानं हलवली आणि त्याच सेठानं त्याला समुद्रात ढकललं. व्यापारी माणसांच्या कथा आहेत त्या, त्यांत बंदरं आणि तांडे असणारच. पण व्यापारी बोटीनं जायचा तो मालासाठी. बोट हे साधन होतं. पाय लागेपर्यंत जपून राहायचं आणि पोचलं की णमोकार म्हणून उतरायचं.

आगबोटीच्या काळातही तसंच होतं. 1888 च्या सप्टेंबरात मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. त्याआधी मद्य, स्त्री आणि मांस यांना शिवणार नाही अशी प्रतिज्ञा आईसमोर घेतल्यावरच त्यांना परवानगी मिळाली, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलं. पण ती प्रतिज्ञा देणारे बेचरजी स्वामी हे जैन साधू होते, हे शाळेत कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. बोटीवर या अठरा वर्षांच्या मुलाची अवस्था काय झाली, ते त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. काटा-चमचा धरता येत नव्हता. कुठल्या पदार्थात मांस नाही हे इंग्रजीत विचारायचं धाडस होत नव्हतं. म्हणून ते भोजनगृहात गेलेच नाहीत. घरून बरोबर घेतलेली मिठाई आणि फळं खोलीत बसून खात राहिले. शंभर प्रकारचं जेवण वर मांडलेलं आणि हा मुलगा डबा उघडून बसलेला. आपल्यातल्या कितीतरी जणींनी परदेशात हॉटेलच्या खोलीत खाकरे आणि मेतकूट खाल्लंय, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

पाच वर्षांनी, 1893 मध्ये, वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले. खरं निमंत्रण आचार्य आत्मारामजींना होतं. पण साधूंना वाहन वर्ज्य, त्यामुळे बोटीत पाय ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी या एकोणतीस वर्षांच्या गृहस्थाला शिकवून तयार केलं आणि पाठवलं. विवेकानंद जिथं बोलले तिथंच हे जैन धर्मावर बोलले. परत आल्यावर काय झालं? आपल्याच लोकांतल्या काहींनी, समुद्र ओलांडला म्हणून यांना संघाबाहेर काढा, असा गोंधळ घातला. आत्मारामजी पाठीशी उभे राहिले म्हणून निभावलं. 1901 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, वीरचंदजी गेले. त्यांच्यावर उठलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं आज कुठल्या कुठल्या क्रूझवर फोटो काढत असतील, असं मनात आल्यावाचून राहत नाही.

तर त्या काळच्या बोटीवरचा दिवस कसा असे? पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी विलायतेची टपाल आणायच्या-न्यायच्या. 1869 मध्ये सुएझ कालवा झाल्यावर प्रवास पुष्कळ कमी झाला, तरी आठवडेच्या आठवडे पाण्यावर जायचेच. डेकवर ज्याची त्याची खुर्ची, सकाळी अकराच्या सुमारास मांसाच्या अर्काचा गरम पेला, दोरीच्या कड्या फेकण्याचे खेळ, रविवारी प्रार्थना, संध्याकाळी घंटा झाली की कपडे बदलून जेवायला. मुलांचं जेवण वेगळं आणि आधी. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य झाला की गाद्या डेकवर यायच्या, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. शीतपेट्या येण्यापूर्वी तर बोटीवर जिवंत मेंढ्या, कोंबड्या आणि दुधासाठी गाय बांधलेली असे. वाचतानाच अंगावर काटा आला. आमच्या आजेसासूबाई बोटीच्या प्रवासाला नाक का मुरडायच्या, त्याला काही अर्थ होता तर!

या बोटींवर आपल्या बाजूची माणसं खूप होती, फक्त प्रवाशांच्या यादीत त्यांची नावं नसत. डेकवरचे खलाशी, त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, त्यांचं जेवण रांधणारा तो भंडारी. रत्नागिरीकडचे कितीतरी मुसलमान खलाशी होते. खाली बॉयलरपाशी कोळसा ओढणारे वेगळे, ते बहुतेक उत्तरेकडचे. आणि भोजनगृहात वाढपी आणि स्वयंपाकी म्हणून गोव्याचे ख्रिस्ती. एक बोट सुटली की दुसरी मिळेपर्यंत ही मंडळी मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या ‘कूड’मध्ये राहायची. एका गावाचा एक कूड, खोलीत ट्रंका रचलेल्या, कोपऱ्यात देव. कामाप्रमाणे जात-धर्म वाटलेले, पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी. बी.कॉम.ला आम्हाला शिपिंगचे करार थोडे शिकवले होते, त्यात ही माणसं ‘क्रू’ या एका शब्दात संपली होती.

आणि बायका? मला सर्वांत जास्त वेळ ज्यांच्यापाशी थांबावंसं वाटलं त्या म्हणजे आया. इंग्रज कुटुंब सुट्टीवर मायदेशी निघालं की मुलं सांभाळायला हिंदुस्तानी आया बरोबर घ्यायचे. मेमसाहेबांना बोट लागायची, त्या पडून राहायच्या. आया मात्र आजारी पडून चालायचं नाही. तिनं मुलाला डेकवर फिरवायचं, भरवायचं, त्याची लंगोटं धुवायची, रात्री त्याच्याजवळ जमिनीवर झोपायचं. काही बायकांनी हा प्रवास अनेकदा केला, त्यांना बोटीची सवय साहेबांपेक्षा जास्त होती. पण पोचल्यावर पुष्कळदा काम संपलं म्हणून त्यांना तिथंच सोडून दिलं जायचं, परतीच्या भाड्याचा पत्ता नसायचा. लंडनच्या हॅकनी भागात अशा बायकांसाठी ‘आया होम’ होतं. परत हिंदुस्तानात जाणारं एखादं कुटुंब त्यांना कामाला घेईपर्यंत त्या तिथं राहायच्या. 2022 मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. त्या काळी समुद्र ओलांडलेल्या सामान्य हिंदुस्तानी बायका शोधायला गेलं तर त्यात या आया मोठ्या संख्येनं सापडतात, आणि त्यांना कुणी संघाबाहेर काढायच्या सभा भरवल्या नाहीत. गरिबांच्या समुद्रोल्लंघनाची चर्चा कोण करतो?

गोऱ्या बायकांनाही बोटीवर नोकरी सहज मिळत नसे. टायटॅनिकवर जवळपास नऊशे कर्मचारी होते, त्यांत बायका अवघ्या 23.

आता क्रूझ. हा शब्द ज्या अर्थानं आपण वापरतो, म्हणजे कुठं पोचायचं नाही, फिरून परत यायचं, त्याची सुरुवात पूर्णपणे हिशोबातून झाली आहे. हॅम्बुर्गच्या कंपनीचे अल्बर्ट बालिन यांच्यापुढे एक अडचण होती. उन्हाळ्यात त्यांच्या बोटी युरोपातून अमेरिकेला माणसं भरभरून न्यायच्या. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला, प्रवासी नाहीत, बोटी रिकाम्या. बोट धक्क्यावर बांधून ठेवली तरी कर्जाचं व्याज, विमा, खलाशांचा पगार चालूच राहतो. स्थिर खर्च म्हणतो ना आपण, तो. बालिननी 22 जानेवारी 1891 रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट 241 प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे पाठवली. इजिप्त, पॅलेस्टाइन, कॉन्स्टँटिनोपल बघून दोनेक महिन्यांनी बोट परत. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. प्रवाशांना मात्र ते इतकं आवडलं की 1900 मध्ये त्यांनी निव्वळ सहलींसाठी म्हणून नवी बोटच बांधून घेतली, ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईज’. तीत फक्त पहिला वर्ग होता. वाचनालय, व्यायामशाळा, फोटो धुवायला अंधारी खोलीसुद्धा! 1906 मध्ये जमैकाजवळ ती खडकावर चढली आणि संपली. पण कल्पना तरली.

त्याच 1891 साली आणखी एक बोट पहिल्या प्रवासाला निघाली होती आणि तिची कुंडली मला फार मजेशीर वाटली. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पांढरीशुभ्र, सुमारे सहा हजार टनांची, हाँगकाँग ते व्हँकुव्हर टपाल, चहा, रेशीम आणि श्रीमंत प्रवासी नेणारी. (रेशमाचा विषय आपल्यासाठी वेगळा, तो पुन्हा कधीतरी.) पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली आणि तिची इस्पितळ-बोट केली, नाव दिलं ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर ती विकायला निघाली आणि घेतली कुणी? सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी. आपल्याच दिगंबर समाजातले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांच्यासह त्यांनी कंपनी काढली, आणि बोट शिंद्यांची म्हणून कंपनीचं नाव सिंधिया. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आज 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस पाळतात तो त्याच्यामुळे.

हिशोबाच्या दृष्टीनं ‘लॉयल्टी’ तोट्याचाच सौदा ठरली. बोट जुनी, दुरुस्त्या महाग, आणि इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून या नव्या हिंदी कंपनीला बुडवायचा चंग बांधलेला. चार वर्षांत, 1923 मध्ये, ती मुंबईतच मोडीत निघाली. पण सिंधिया टिकली. नंतर वालचंदांनी विशाखापट्टणमला गोदी उभारली. तिथं बांधलेली ‘जलउषा’ 1948 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडली गेली. वीरचंदजींवरून गोंधळ झाला त्याला तेव्हा जेमतेम पाच दशकं होत होती. ज्या समाजातल्या काहींना समुद्र ओलांडणं पाप वाटत होतं, त्याच समाजातल्या माणसानं बोटींचा कारखाना काढला. हे मला वालचंदनगरच्या साखरेपेक्षाही मोठं वाटतं.

पुढचं थोडं भरभर सांगते. अमेरिकेनं 1921 आणि 1924 मध्ये बाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घातली, तशी स्थलांतरितांनी भरणारी तळाची स्वस्त जागा रिकामी पडली. कंपन्यांनी तीच रंगरंगोटी करून विद्यार्थी आणि मास्तरांना ‘टूरिस्ट’ म्हणून विकली. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा नुसतं दारू पिण्यासाठी समुद्रात जाऊन परत येणाऱ्या बोटी निघाल्या. त्यावर मी काही लिहीत नाही. 1958 च्या ऑक्टोबरात जेट विमानं अटलांटिक ओलांडायला लागली आणि पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. 1960 मध्ये आपल्या एअर इंडियानंही बोइंग 707 आणलं. आता बोटीनं जायचं कुणी आणि कशाला?

इथं पुन्हा बालिनचा तोच प्रश्न आला, या वेळी बाराही महिन्यांसाठी. रिकाम्या बोटींचं करायचं काय? 1966 च्या डिसेंबरात मायामीहून ‘सनवर्ड’ नावाची बोट बहामाच्या सहली करू लागली. त्या धंद्यातले एक भागीदार टेड अॅरिसन. पुढे फाटलं, आणि 1972 मध्ये त्यांनी स्वतःची कार्निव्हल कंपनी काढली, एका जुन्या बोटीवर. ती बोट होती कॅनेडियन पॅसिफिकचीच, ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’. म्हणजे आपल्या ‘लॉयल्टी’ची धाकटी बहीणच म्हणा! तिचं नाव बदलून ‘मार्डी ग्रा’ केलं, आणि पहिल्याच फेरीला मायामीबाहेर ती वाळूत रुतून बसली. श्रीपाल नव्हता बिचारीजवळ.

पण याच रुतलेल्या कंपनीनं सगळा खेळ बदलला. लगेच 1973 मध्ये तेल महागलं. बोट वेगानं पळवायची तर इंधन परवडेना. मग ती हळू चालवायची, बंदरं कमी घ्यायची आणि प्रवाशाला बोटीवरच रमवायचं. गाणी, जुगार, दुकानं, पोहण्याचे तलाव. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि आत आल्यावरच्या खर्चातून कमवायचं. आपल्याकडे मॉलमध्ये जत्रेचे पाळणे असतात त्यातलाच प्रकार. 1977 मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘द लव्ह बोट’ ही मालिका आली, ती नऊ वर्षं चालली आणि क्रूझ म्हणजे म्हाताऱ्या लक्षाधीशांचा विरंगुळा ही समजूत पुसली गेली.

घरगुती नजरेनं बघितलं तर दोन बदल मला मोठे वाटतात. एक खिडकीचा. जुन्या बोटीत माणसं डेकवर असायची, खोली फक्त झोपायला. खोलीला खिडकी असलीच तर गोल, घट्ट बंद. 1984 मध्ये ‘रॉयल प्रिन्सेस’ बोटीत सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला काढल्या, अनेकांना बाल्कनी. तेव्हापासून बोट बाल्कन्यांच्या सोसायटीसारखी दिसायला लागली आणि शेजारच्याशी बोलणं कमी झालं. दुसरा बदल जेवणाचा. पूर्वी पंगत ठरलेली असे. पहिली किंवा दुसरी बैठक, रोज तेच टेबल, तेच शेजारी, तोच वाढपी. आठवड्यानं वाढप्याला तुमच्या आवडीनिवडी पाठ होत. 2000 साली नॉर्वेजियन कंपनीनं, कधीही या, कुठंही जेवा, अशी पद्धत आणली आणि हळूहळू इतरांनीही त्यातलं बरंच उचललं. आता बुफे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघडा. सूर्य कधी मावळला याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्यासाठी हा संबंधच तर महत्त्वाचा. माझ्या मावसबहिणीचा मुलगा तिला जूनमध्ये अलास्काच्या क्रूझवर घेऊन गेला होता. तिथं रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तिनं फोनवर विचारलं, "रात्रिभोजनत्याग आहे माझा, साडेनऊला ऊन आहे, जेवू का?" मी म्हटलं, ऊन आहे तर जेव, पण पोटाला विचारून जेव. ती हसली आणि जेवली नाही. सवय सूर्यापेक्षा घड्याळाला बांधलेली असते की काय कोण जाणे.

आज सर्वांत मोठ्या म्हणाव्यात अशा बोटींतली एक, ‘आयकॉन ऑफ द सीज’, 2024 च्या जानेवारीत सुरू झाली. तिचे आकडे मुद्दाम देते. 365 मीटर लांबी, 20 मजले, 2,48,663 टन. इथं टन म्हणजे वजन नव्हे हं, आतल्या जागेचं माप. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’शी तुलना केली तर चाळीसपटीहून जास्त. एका खोलीत दोघं धरली तर 5,610 प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर 7,600. सात पोहण्याचे तलाव. त्यांच्या दिमतीला सुमारे 2,350 कर्मचारी. एक तालुक्याचं गाव पाण्यावर, स्वतःचं पाणी समुद्रातून गोडं करून घेणारं, स्वतःची वीज करणारं.

गाव म्हटलं की उष्टं-खरकटं आलं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अन्नाचा कचरा 25 मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका बारीक दळला तर किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडता येतो. काही संरक्षित समुद्रांत नियम जास्त कडक आहेत. पुष्कळ बोटी आता कचरा वाळवतात, जाळतात, कमी करायचा प्रयत्न करतात. पण मूळ विक्रीच ‘हवं तितकं’ या शब्दांची. आपल्याकडे भोगोपभोग-परिमाण म्हणतात, आज किती पदार्थ, किती वेळा, किती वस्त्रं, मोजून घ्यायचं. तिथं परिमाण काढून टाकण्याचेच पैसे आहेत.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर मात्र परवाच्या जाहिरातीतली बोट एवढी अजस्र नाही. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीनं मुंबईहून फेऱ्या सुरू केल्या त्या ‘एम्प्रेस’ नावाच्या बोटीनं. हे नाव वाचून मी चमकले आणि तिची कुंडली काढली. 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली, मूळ नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’, सुमारे 48,000 टनांची. मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठीच तिचा आराखडा केलेला. सुट्टीला जोडून शनिवार-रविवार जाऊन यायचं, तेच आता मुंबई-गोवा. ‘एम्प्रेस’ हे नाव मुंबईला नवं नाही. आधीची एक सोलापूरच्या शेठजींनी घेतली होती, लंडनपर्यंत आपला झेंडा न्यायला.

याच धक्क्यावरून टपालबोटी सुटायच्या. वर भोजनगृहात गोव्याचे वाढपी असायचे. आजही जगभरच्या क्रूझवर फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि भारताची मुलं-मुली राबतात, गोवा आणि मुंबईची खूप. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, सुट्टीचा असा पूर्ण दिवस नाही. 2013 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानं चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती दिली पाहिजे असं ठरलंय. उरलेले तास मोजा म्हणजे आठवड्यात किती काम होऊ शकतं ते कळेल. बहुतेक बोटींची नोंदणी बहामा किंवा पनामाची, त्यामुळे कंपनी अमेरिकेची असली तरी तिथला किमान पगाराचा कायदा लागू होत नाही. झोपायला पाण्याच्या पातळीच्या आसपास दोघांत एक खोली, खाटेला पडदा.

2020 च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली, आठवतं? 3,711 माणसं, त्यांतल्या सातशेहून अधिकांना करोना झाला. बोटीवर 138 भारतीय होते आणि त्यांतले 132 कर्मचारी. प्रवाशांना आपापल्या खोलीत बंद केलं, पण त्यांच्या दारात ताटं कोण नेत होतं? हीच मुलं. रात्री परत त्याच अरुंद खोल्यांत दाटीनं. नंतर तर प्रवासी घरी गेले आणि कर्मचारी जगभरच्या रिकाम्या बोटींवर महिनोन् महिने अडकून राहिले. एप्रिलमध्ये मुंबईबाहेर एक बोट दिवसचे दिवस थांबून होती, आतल्या सुमारे दीडशे भारतीयांना आपलं शहर दिसत होतं आणि उतरता येत नव्हतं.

त्याआधी 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडली. 32 माणसं गेली. कप्तान आधीच होडीत उतरला होता. त्या बत्तिसांत आपल्या मुंबईकडचा एक तरुण वाढपी होता. लोकांना बाहेर पडायला मदत करताना शेवटचा दिसला. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी सापडले, 2014 च्या नोव्हेंबरात. घरचे जवळजवळ तीन वर्षं वाट बघत होते.

तर मैत्रिणींनो, माझ्या व्रताचं. मी महाराजांना विचारलं. ते म्हणाले, मर्यादा तुम्ही घेतली आहे, पश्चिमेला समुद्र म्हणताना मनात किनारा होता की पलीकडचा काठ, हे तुम्हालाच माहीत. मला माहीत आहे. किनाराच होता. लहानपणी रत्नागिरीला मामाकडे गेलो होतो तेव्हा भाट्याच्या वाळूत जिथपर्यंत पाय ओले झाले, तिथपर्यंतच.

म्हणून माझं नाव मी दिलेलं नाही. सूनबाईचं दिलंय, तिला दिशांचं बंधन नाही आणि ती दोन वर्षांत चार दिवसही कुठं गेलेली नाही. टूरवाल्याला विचारून ठेवलंय की जैन जेवण सूर्यास्ताआधी मिळेल का, आणि तो हो म्हणालाय. खाकरे तरी बांधून देणारच आहे. आणि तिला एक काम सांगितलंय. टेबलावरून जो मुलगा किंवा मुलगी ताट उचलेल, त्याला नाव विचारायचं, गाव विचारायचं आणि घरी जाऊन किती महिने झाले ते विचारायचं. ती परत आली की इथं लिहीन.